प्लाता : चांदी, पैसा आणि एक नदी

स्पॅनिश भाषेतल्या 'प्लाता' या नामाचा पहिला अर्थ चांदी आणि दुसरा अर्थ पैसा. शब्दकोशात हे दोन अर्थ खालोखाल छापलेले असतात. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये अटलांटिक महासागर पसरला आहे. माद्रिदमध्ये कुणी 'प्लाता' म्हटले, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अंगठी, तबक किंवा स्पर्धेतले दुसऱ्या क्रमांकाचे पदक येते. ब्वेनोस आइरेस, सांतियागो, लिमा किंवा बोगोतामध्ये तोच शब्द कानावर पडला की हात खिशाकडे जातो. या दोन अर्थांखेरीज एक प्रचंड नदी, एका देशाचे नाव, एक जुना रोमन रस्ता आणि एक दुसराच मौल्यवान धातू यांच्याशीही या शब्दाचे नाते आहे. काही नाती खरी आहेत, एखादे बहुधा गैरसमजातून जुळलेले.

शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून त्याच्या आधी 'ला' हे उपपद येते : 'ला प्लाता'. उच्चार मराठी माणसाला मुद्दाम शिकावा लागत नाही, कारण यातला 'त' अगदी मराठी 'ताट'मधला दंत्य त आहे. इंग्रजी स्पेलिंग वाचून 'प्लाटा' म्हणण्याची सवय मात्र मोडावी लागते.

लॅटिनमध्ये चांदीला 'आर्गेंटुम' म्हणत. लॅटिनमधून निघालेल्या बहुतेक भाषांनी हाच शब्द पुढे चालवला. फ्रेंचमध्ये तो 'आर्झाँ' झाला, इटालियनमध्ये 'आर्जेंतो'. आयबेरियाच्या द्वीपकल्पात मात्र वेगळेच घडले. तिथल्या बोलीतील लॅटिनमध्ये 'सपाट' या अर्थाचा एक शब्द होता, मुळात ग्रीकमधून आलेला. त्यावरून 'प्लाता' म्हणजे धातूचा पत्रा असा अर्थ रूढ झाला, आणि मध्ययुगात पत्रा हा अर्थ मागे पडून चांदी हाच अर्थ उरला. पोर्तुगीजमध्येही तेच घडले. तिथे चांदी म्हणजे 'प्राता'. त्याच सपाटपणातून 'प्लातो' हा पुल्लिंगी शब्दही स्पॅनिशमध्ये रुळला. त्याचा अर्थ ताट, बशी आणि ताटात वाढलेला पदार्थ. एका स्वराच्या फरकाने चांदीचे ताट होते, म्हणून नवशिक्यांची इथे हमखास गल्लत होते.

जुना लॅटिन शब्द स्पॅनिशमधून पुरता गेला मात्र नाही. रसायनशास्त्राच्या पुस्तकात प्लाताचे चिन्ह एजी आहे, ते आर्गेंटुमची पहिली आणि तिसरी अक्षरे घेऊन बनलेले. खणखणीत, गोड आवाजाला किंवा हसण्याला साहित्यिक स्पॅनिशमध्ये 'आर्खेन्तीना' असे विशेषण लावतात, म्हणजे चांदीसारखे. हेच विशेषण पुढे एका देशाचे नाव झाले. त्याबद्दल पुढे.

चांदी या मूळ अर्थाने प्लाता स्पेन आणि अमेरिका दोन्हीकडे सारखाच वापरतात. अस्सल, प्रमाणित शुद्धतेच्या चांदीला 'प्लाता दे लेई' म्हणतात. 'लेई' म्हणजे कायदा. नाण्यात किंवा दागिन्यात किती चांदी असावी हे कायदा ठरवत असे, म्हणून धातूच्या कसालाच 'लेई' म्हणू लागले. हजारात 925 भाग चांदी असलेला माल या नावाने विकला जातो. सोनाराच्या दुकानातला हा शब्द पुढे माणसांनाही लागला. जो वेळेला धावून येतो, ज्याच्यात खोट नाही, तो 'दे लेई' मित्र. जर्मन सिल्व्हरला स्पॅनिशमध्ये 'आल्पाका' म्हणतात. त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदीचा कणही नसतो. मेक्सिकोतल्या तास्को या चांदीकामाच्या गावी दागिने घेताना हे दोन शब्द ओळखता आले तर पैसे वाचतात.

चांदीचे काम करणारा तो 'प्लातेरो'. याच शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, चांदीसारख्या राखाडी रंगाचे गाढव. नोबेल पारितोषिक मिळालेले कवी हुआन रामोन हिमेनेस यांनी 1914 साली प्रसिद्ध केलेल्या 'प्लातेरो इ यो' या पुस्तकातला प्लातेरो म्हणजे आंदालुसियातले असेच एक गाढव. स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत ते इतके रुळले आहे की प्लातेरो म्हटल्यावर अनेकांना चांदीकाम करणारा कारागीर आठवायच्या आधी गाढव आठवते.

घरात, सणासमारंभात आणि मैदानात प्लाता सोन्याच्या एक पायरी खाली उभी असते. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस 'बोदास दे प्लाता', म्हणजे रौप्यमहोत्सव. ऑलिंपिकमधले दुसरे पदक 'मेदाया दे प्लाता'. स्पेनच्या वाङ्मयाचे सुवर्णयुग सोळाव्या-सतराव्या शतकांतले मानतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून 1936 च्या यादवीपर्यंतचा बहराचा काळ 'एदाद दे प्लाता' म्हणून ओळखला जातो, आणि लोर्का, बुन्युएल, दाली याच काळातले. ही उतरंड सर्वांत ठळक दिसते बैलांच्या झुंजीच्या आखाड्यात. मुख्य झुंजाराच्या चकाकत्या पोशाखावर सोनेरी भरतकाम असते. बैलाच्या मानेजवळ रंगीत काठ्या खोचणाऱ्या त्याच्या मदतनिसांच्या पोशाखावर बहुधा रुपेरी. म्हणून या मदतनिसांना 'प्लातावाले' म्हणतात. जोखीम तेही घेतात. पोस्टरवर नाव मात्र सोनेरीवाल्याचेच असते.

स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनिअमच्या फॉइललाही स्पेनमध्ये 'पापेल दे प्लाता', म्हणजे चांदीचा कागद, म्हणतात. वाक्प्रचारही बरेच आहेत. काहीही न करता एखाद्याच्या पदरात संधी पडली, तर ती त्याला 'चांदीच्या तबकात' वाढली असे म्हणतात. पळणाऱ्या शत्रूला चांदीचा पूल बांधून द्यावा, अशी एक जुनी म्हण आहे. जो आपणहून निघाला आहे त्याची वाट अडवू नये, हा तिचा अर्थ. सर्वांत मजेदार आहे 'आब्लांदो एन प्लाता'. शब्दशः 'चांदीत बोलायचे तर'. आडपडदा न ठेवता, रोखठोक सांगायचे असेल तेव्हा हे शब्द वाक्याच्या सुरुवातीला येतात. स्पेनमधल्या राजकारण्याच्या तोंडी ते आले की पुढचे वाक्य बोचरे असणार, हे श्रोत्यांना कळते.

चांदीचा पैसा कसा झाला, याचे उत्तर भाषेपेक्षा खाणींत आणि टांकसाळींत सापडते. 1545 मध्ये आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या डोंगरात चांदी सापडली. हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे 4,000 मीटर उंचीवर आहे. पुढच्याच वर्षी मेक्सिकोत साकातेकासच्या खाणी हाती लागल्या. 1554 च्या सुमारास बार्तोलोमे दे मेदिना यांनी मेक्सिकोत पाऱ्याच्या साहाय्याने खनिजातून चांदी वेगळी काढण्याची पद्धत बसवली, तेव्हा निकृष्ट खनिजातूनही चांदी निघू लागली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पोतोसीची वस्ती दीड लाखाच्या पुढे गेल्याचे सांगतात, म्हणजे त्या वेळच्या युरोपातल्या मोठ्या शहरांच्या बरोबरीची. या वैभवाखाली 'मिता' नावाची वेठबिगार होती. डोंगराळ भागातल्या मूळ रहिवाशांच्या गावांना पाळीपाळीने ठरावीक माणसे खाणीत पाठवावी लागत, आणि खाणीतल्या मजुरीने व पाऱ्याच्या विषाने किती जण दगावले याची नीट मोजदाद कुणी ठेवली नाही. स्पॅनिशमध्ये मात्र 'बाले उन पोतोसी', म्हणजे एका पोतोसीच्या मोलाचे, हा वाक्प्रचार अतिशय मौल्यवान वस्तूसाठी आजही चालतो.

या चांदीतून पडणारे नाणे म्हणजे आठ रेआलांचा पेसो. वजन सुमारे 27 ग्रॅम, आणि त्यात दोन-अडीच ग्रॅम सोडले तर सगळी चांदीच. मेक्सिको, लिमा आणि पोतोसीच्या टांकसाळींतून तो तीन शतके पडत राहिला. मनिलाच्या गलबतांतून तो चीनला गेला. उत्तर अमेरिकेत इतका रुळला की अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत 1857 पर्यंत त्याला कायदेशीर चलन म्हणून मान्यता होती. युरोपमार्गे तो सुरतेच्या बंदरातही उतरे. मोगलांच्या राज्यात परकी नाणे जसेच्या तसे चालत नसे; टांकसाळीत ते वितळवून रुपये पाडून घ्यावे लागत. तेव्हा सतराव्या शतकात दख्खनच्या बाजारपेठांत हातोहात फिरलेल्या रुपयांत अमेरिकेतल्या खाणींची काही चांदी होती, असे मानायला हरकत नाही.

तरीही प्लाता हा पैशाचा सर्वसाधारण शब्द अमेरिकेत झाला, स्पेनमध्ये तितका झाला नाही. याचे मोठे कारण नाण्यांत आहे. सतराव्या शतकातल्या कास्तिल्यात रोजच्या व्यवहारासाठी 'बेयोन' नावाची तांब्याची नाणी सरकारने ढिगाने पाडली. त्यांचे मूल्य घसरत गेले. हिशेबात, करारात, मृत्युपत्रात रक्कम बेयोनमध्ये की प्लातामध्ये हे स्पष्ट लिहावे लागे, कारण दोन्हींत मोठी तफावत होती. म्हणजे स्पेनमध्ये प्लाता हा पैशाचा एक प्रकार होता, चांगला पैसा. अमेरिकेत तसा भेद करायची गरजच फारशी पडली नाही. तिथे तांब्याची नाणी रुजली नाहीत. मेक्सिकोत सोळाव्या शतकात ती पाडून पाहिली, तेव्हा स्थानिक लोकांनी ती सरोवरात फेकून दिल्याची कथा प्रसिद्ध आहे. सुट्ट्या पैशाच्या जागी तिथे कोकोच्या बिया चालत. बाकी सगळा व्यवहार चांदीचा. ज्या समाजात नाणे म्हणजे चांदीच, तिथे चांदी आणि पैसा यांना दोन वेगळे शब्द कशाला लागतील?

असाच प्रवास अन्यत्रही झालेला दिसतो. फ्रेंच 'आर्झाँ' हा शब्द चांदी आणि पैसा दोन्हींसाठी आहे. अँडीज पर्वतातल्या केचुआ भाषेत 'कोल्की' म्हणजे चांदी. इंकांच्या राज्यात नाणे नव्हते. स्पॅनिश अमलानंतर त्याच शब्दाला पैसा हा अर्थही आला. रुपया हा शब्दही संस्कृत 'रूप्य'पासूनच आला, आणि मराठीत एखाद्याला अनपेक्षित नफा झाला की 'त्याची चांदी झाली' असे आपण सहज म्हणतो. गंमत म्हणजे स्पॅनिशचा पैशासाठीचा दुसरा, प्रमाण शब्द 'दिनेरो' हाही मुळात चांदीच्या नाण्याचेच नाव आहे. रोमचे 'देनारियुस' हे चांदीचे नाणे, त्यावरून दिनेरो, आणि त्याचीच एक शाखा गुप्तकालीन शिलालेखांत 'दीनार' म्हणून दिसते. म्हणजे स्पेनने जुनी चांदी उचलली आणि अमेरिकेने नवी.

आजचा नकाशा साधारण असा आहे. अर्जेंटिना, उरुग्वे, पाराग्वे, चिली, पेरू, बोलिव्हिया, एक्वादोर, कोलंबिया, पनामा आणि कोस्ता रिका या देशांत पैशासाठी रोजच्या तोंडचा शब्द प्लाता आहे. व्हेनेझुएलातही तो चालतो. ग्वातेमाला, ओंदुरास आणि एल साल्वादोरमध्ये 'पिस्तो' म्हणतात. प्वेर्तो रिकोत 'चाबोस', डॉमिनिकन प्रजासत्ताकात 'क्वार्तोस'. हे दोन्ही शब्द जुन्या किरकोळ नाण्यांच्या नावांवरून आले. सर्वांत विचित्र उदाहरण मेक्सिकोचे. गेली अनेक वर्षे जगात सर्वाधिक चांदी काढणारा देश तोच, आणि तिथे पैशाला म्हणतात 'लाना', म्हणजे लोकर. मेक्सिकन माणसाला प्लाता म्हणजे पैसा हे कळते, पण बोलणारा दक्षिणेकडचा आहे हेही त्याला लगेच कळते.

स्पेनमध्ये दिनेरोखेरीज 'पास्ता' हा बोलीतला शब्द सर्रास चालतो. पेसेता हे चलन 2002 मध्ये व्यवहारातून गेले, तरी तिचे लाडके नाव 'पेलास' काही तोंडांत रेंगाळले. आणखी एक शब्द आहे 'पेरास', म्हणजे कुत्र्या. 1870 साली पाडलेल्या तांब्याच्या नाण्यांवर ढाल धरलेला सिंह होता. तो लोकांना सिंहापेक्षा कुत्राच वाटला, आणि दहा सेंतिमोचे नाणे 'जाडी कुत्री' व पाचाचे 'छोटी कुत्री' म्हणून देशभर ओळखले जाऊ लागले. राजचिन्हाची इतकी बिनदिक्कत थट्टा करणाऱ्या बाजाराला दाद द्यावी लागते.

दक्षिण अमेरिकेत प्लाता हा शब्द खालच्या दर्जाचा मानत नाहीत. आजी नातवाला खाऊसाठी देते ती प्लाता, डॉक्टर मागतो ती प्लाता, अर्थमंत्री मुलाखतीत बोलतो तीही प्लाताच. अर्जेंटिनात 'गीता' हा बोलीतला शब्द त्याहून सैल आहे. कायद्यात, बँकेच्या करारात आणि न्यायालयाच्या निकालात मात्र दिनेरोच असतो. काळा पैसा पांढरा करण्याच्या गुन्ह्याला अर्जेंटिनात 'लाबादो दे दिनेरो' म्हणतात. तिथे प्लाता घातला तर वर्तमानपत्रातला सनसनाटी मथळा वाचल्यासारखे वाटते.

क्रियापदांच्या संगतीत हा शब्द नीट कळतो. 'आसेर प्लाता' म्हणजे पैसे कमावणे, शब्दशः करणे. 'साकार प्लाता' म्हणजे बँकेतून किंवा यंत्रातून पैसे काढणे. 'हुंतार प्लाता' म्हणजे पै पै जमवणे. 'नो मे आल्कान्सा ला प्लाता' हे वाक्य महिनाअखेरीला घराघरांत ऐकू येते. पैसे पुरत नाहीत. किती पैसे आहेत असे ब्वेनोस आइरेसमध्ये विचारायचे तर 'क्वांता प्लाता तेनेस', आणि बोगोतामध्ये 'क्वांता प्लाता तिएनेस'. पैसा हा मोजता न येणारा पदार्थ समजून शब्द बहुधा एकवचनातच येतो. अनेकवचन दिसले तर अर्थ बदलतो : चिलीच्या वर्तमानपत्रांत 'प्लातास पोलितिकास' म्हणजे राजकीय पक्षांना मिळणारा निधी, बहुतेक वेळा वादग्रस्त.

उपपदाने केवढा फरक पडतो, हे एका जोडीवरून दिसते. 'गानो ला प्लाता' म्हणजे त्याने किंवा तिने रौप्यपदक जिंकले. त्यातला 'ला' काढून 'गानो प्लाता' म्हटले की अर्जेंटिनात त्याचा अर्थ होतो पैसे कमावले. क्रीडापटूच्या बाबतीत दोन्ही खरे असू शकते, पण बातमी वेगळी. तसेच 'दे प्लाता' या शब्दांचे. 'कुचारा दे प्लाता' म्हणजे चांदीचा चमचा. 'प्रोब्लेमास दे प्लाता' म्हणजे चांदीच्या अडचणी नव्हेत, पैशाची तंगी. वस्तूचे नाव आधी आले की धातू, अडचण, भांडण किंवा विषय आधी आला की पैसा. हा नियम लिहिलेला कुठे सापडत नाही, पण सहसा चुकत नाही.

शब्दाला प्रत्यय लागतात तेही पैशाच्या अर्थाने. गडगंज श्रीमंत तो 'प्लातूदो'. मोठी रक्कम 'प्लाताल'. थोडेसे पैसे 'प्लातीता'. अर्जेंटिनात अलीकडे निवडणुकीच्या तोंडावर सरकारने वाटलेल्या सवलतींना विरोधकांनी 'प्लान प्लातीता' असे नाव दिले. त्यात तुच्छता आहे ती 'ईता' या प्रत्ययातली. आजीच्या तोंडी तोच प्रत्यय मायेचा होतो. मर्यादेपलीकडे श्रीमंत माणूस अर्जेंटिनात 'पैशात कुजलेला' असतो. आणि पैशासाठी माकडही नाचते, अशी म्हण दक्षिण अमेरिकेच्या बऱ्याच भागांत आहे. तिच्या स्पेनमधल्या रूपात शब्द दिनेरो आहे आणि माकडाच्या जागी कुत्रा नाचतो.

गेल्या अर्धशतकातल्या लॅटिन अमेरिकेच्या इतिहासाला या शब्दाने तीन घोषवाक्ये दिली. पहिले 'प्लाता दुल्से', गोड पैसा. 1976 नंतरच्या लष्करी राजवटीत अर्जेंटिनाच्या पेसोचे मूल्य कृत्रिमरीत्या चढे ठेवले गेले. परदेशी माल आणि प्रवास स्वस्त झाला. मध्यमवर्गीय अर्जेंटिनी मायामीला जाऊन खरेदी करू लागले, आणि दुकानात 'दोन द्या' म्हणणारा गिऱ्हाईक अशी त्यांची ख्याती झाली. देशातले कारखाने मात्र बंद पडले आणि कर्जाचा डोंगर वाढला. फुगा फुटल्यावर 1982 साली याच नावाचा चित्रपट निघाला, आणि तेव्हापासून त्या काळाला दुसरे नावच उरले नाही.

दुसरे घोषवाक्य कोलंबियातले : 'प्लाता ओ प्लोमो'. मेदेयिनच्या कोकेन टोळीने पोलीस, न्यायाधीश आणि अधिकाऱ्यांपुढे ठेवलेला पर्याय. प्लोमो म्हणजे शिसे. लाच घ्या, नाहीतर गोळी खा. दोन धातूंची नावे शेजारी ठेवली आहेत आणि दोन्हींचा अर्थ धातू नाही. या टोळीचा म्होरक्या पाब्लो एस्कोबार याच्यावरच्या नेटफ्लिक्स मालिकेमुळे हे तीन शब्द जगभर, मराठी घरांतही पोचले, पण त्यांतला पहिला शब्द चांदीचा आहे हे बऱ्याच प्रेक्षकांच्या लक्षात आलेले नसते.

तिसरे अगदी ताजे. 10 डिसेंबर 2023 रोजी अर्जेंटिनाचे अध्यक्ष झालेले हाविएर मिलेई यांनी पहिल्याच भाषणात 'नो आय प्लाता' असे सांगितले. पैसा नाही. 'दिनेरो नाही' म्हटले असते तर ते अंदाजपत्रकाचे वाक्य झाले असते. प्लाता म्हटल्यामुळे ते घरातल्या कर्त्याचे वाक्य झाले, आणि समर्थकांच्या टी-शर्टवर छापले गेले.

आता नदीकडे. 1516 मध्ये हुआन दियास दे सोलिस दक्षिण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने खाली जाताना एका प्रचंड गोड्या पाण्यात शिरले, आणि त्यांनी त्याला 'गोडा समुद्र' म्हटले. तिथल्या किनाऱ्यावरच ते मारले गेले. त्यांच्या मोहिमेतल्या मागे राहिलेल्यांना स्थानिक लोकांकडून आत कुठेतरी चांदीचा डोंगर असल्याच्या गोष्टी कळल्या. सेबास्तियन काबोतो हे 1526 मध्ये स्पेनहून निघाले ते मसाल्याच्या बेटांकडे जाण्यासाठी. वाटेत या गोष्टी ऐकून त्यांनी बेत बदलला आणि नदीत घुसले. चांदीचा डोंगर त्यांना मिळाला नाही. नदीला 'रिओ दे ला प्लाता', चांदीची नदी, हे नाव मात्र चिकटले. पाणी गढूळ, मातकट तपकिरी. मुखाशी रुंदी 200 किलोमीटरच्या वर. काठावर चांदीची खाण नाही.

नाव अगदीच खोटे ठरले असेही नाही. त्या गोष्टींमागे अँडीजमधल्या चांदीचीच कुणकुण असावी. 1776 मध्ये स्पेनने नवी 'रिओ दे ला प्लाता' ही व्हाइसरॉयची सुभेदारी निर्माण करून पोतोसी तिला जोडले, आणि त्याआधी चोरवाटेने येणारी चांदी ब्वेनोस आइरेसच्या बंदरातून अधिकृतपणे बाहेर पडू लागली. स्वातंत्र्याच्या लढ्यात 1813 साली या प्रांतांची पहिली नाणी पाडली गेली तीही पोतोसीतच.

देशाचे नाव या नदीच्या नावाचाच लॅटिन अनुवाद आहे. मार्तिन देल बार्को सेन्तेनेरा यांनी 1602 मध्ये या प्रदेशावरचे दीर्घकाव्य 'आर्खेन्तीना' या नावाने प्रसिद्ध केले. विद्वानांच्या लेखणीतला हा शब्द हळूहळू राज्याचे नाव झाला. अर्जेंटिनाच्या राज्यघटनेचे पस्तिसावे कलम 'रिओ दे ला प्लाताचे संयुक्त प्रांत' हेही देशाचे अधिकृत नाव मानते. नदीला थोडक्यात 'एल प्लाता' म्हणतात, पुल्लिंगी. कारण मनात 'रिओ' हा पुल्लिंगी शब्द असतो. त्यामुळे समुद्रकिनाऱ्यावरचे शहर 'मार देल प्लाता', पण 1882 मध्ये वसवलेली ब्वेनोस आइरेस प्रांताची राजधानी 'ला प्लाता'. इंग्रजांनी नदीला 'रिव्हर प्लेट' म्हटले. त्यात बशी नाही. जुन्या इंग्रजीत 'प्लेट' म्हणजे चांदीची भांडी, किंबहुना चांदीच. 1901 मध्ये स्थापन झालेल्या ब्वेनोस आइरेसच्या प्रसिद्ध फुटबॉल क्लबाने हेच इंग्रजी नाव घेतले. रिव्हर प्लेटच्या स्टेडियममध्ये ओरडणाऱ्या हजारो लोकांपैकी कुणालाही ते परके वाटत नाही.

स्पेनच्या पश्चिमेला 'बिया दे ला प्लाता' नावाचा रस्ता आहे. मेरिदाहून उत्तरेला आस्तोर्गापर्यंत जाणारा हा मुळात रोमन मार्ग. त्याच्यावरून चांदी जात असे म्हणून हे नाव पडले, असे पर्यटकांना हमखास सांगितले जाते. अनेक अभ्यासकांच्या मते इथे चांदीचा काही संबंध नाही. फरसबंद रस्त्याला अरबीत 'बलात' म्हणतात, आणि अरबी अंमल सरल्यावर ऐकणाऱ्यांनी त्याला ओळखीच्या शब्दाचे रूप दिले. आज स्पेनमधल्याच सांतियागोची यात्रा करणारे पदयात्री या वाटेने जातात आणि जवळूनच ए-66 हा महामार्ग जातो. त्याचेही नाव प्लाताच.

उरला तो दुसरा धातू. आजच्या कोलंबियातल्या चोको भागात नदीच्या वाळूतून सोने धुताना पांढरे, जड, न वितळणारे कण निघत. सोन्यात भेसळ करायला ते वापरतील या भीतीने अधिकारी त्यांच्यावर खार खाऊन होते. स्पॅनिशांनी या धातूला नाव दिले 'प्लातिना', म्हणजे हलक्या प्रतीची चांदी. अंतोनियो दे उयोआ यांनी 1748 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात त्याचा उल्लेख केला, आणि युरोपच्या रसायनशास्त्रज्ञांचे त्याच्याकडे लक्ष गेले. तोच आजचा प्लॅटिनम. मराठी सराफाच्या दुकानात चांदीपेक्षा कितीतरी महाग विकला जाणारा हा धातू नावापुरता अजून हलकी चांदीच आहे.

स्पॅनिश शिकणाऱ्याने पैशासाठी आधी 'दिनेरो' शिकावा. तो वीसही देशांत चालतो आणि कुठे खटकत नाही. प्लाता माद्रिदमध्ये वापरला तर कुणी रागावणार नाही. फक्त बोलणारा स्पॅनिश दक्षिण अमेरिकेतून शिकून आला आहे, एवढे समोरच्याला कळेल. लिमा किंवा ब्वेनोस आइरेसला जायचे असेल, तर मात्र प्लाता पहिल्या दिवसापासून तोंडात हवा, कारण तिथला भाजीवाला दुसरा शब्द क्वचितच वापरतो.